तीन फळ्या आणि एक दांडा

उल्म (जर्मनी) : आमच्या वार्ताहराकडून

डॅन्यूब नदीच्या काठी वसलेल्या उल्म या शहराचा उल्लेख आपल्याकडे झालाच, तर तो येथील चर्चच्या १६१.५ मीटर उंचीच्या मनोऱ्यामुळे किंवा १८७९ साली येथे झालेल्या आइन्स्टाइन यांच्या जन्मामुळे होतो. परंतु जर्मन गृहस्थाच्या घरात पाऊल टाकताच खुर्ची, कपाट, बशी, दिवा यांच्या ठायी जो निरलंकार सुटसुटीतपणा डोळ्यांत भरतो, त्याचा एक प्रमुख उगम याच शहराबाहेरील एका टेकडीवर आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या कानी गेलेली नाही. नगर जिल्ह्यातील वाचकांपुढे ती सविस्तर मांडावी असे मनात आले, कारण तिचे मूळ श्रीमंतीत नसून टंचाईत आहे, आणि टंचाई म्हणजे काय हे पाथर्डी-जामखेडकडच्या माणसाला निराळे समजावून सांगावे लागत नाही.

१७ डिसेंबर १९४४ च्या बॉम्बवर्षावात उल्मच्या जुन्या वस्तीचा बहुतांश भाग जमीनदोस्त झाला. मनोरा तेवढा उभा राहिला. त्या बॉम्बवर्षावाच्या सुमारे पावणेदोन वर्षे अगोदर, २२ फेब्रुवारी १९४३ रोजी, याच शहरात वाढलेल्या हान्स आणि सोफी शोल या भावंडांना, हिटलरच्या राजवटीविरुद्ध पत्रके वाटल्याबद्दल, म्युनिक येथे देहान्त शासन झाले होते. (त्या दिवशी आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव आणि शंकरराव देव स्थानबद्ध होते.) त्या भावंडांची थोरली बहीण इंगे हिने १९४६ मध्ये ढिगाऱ्यांच्या या शहरात प्रौढांसाठी लोकविद्यालय काढले, आणि ओट्ल आयखर हा तिचा पुढे पती झालेला कलावंत व माक्स बिल हे स्विस वास्तुकार यांच्या साहाय्याने १९५३ मध्ये दिवंगत भावंडांच्या स्मरणार्थ आकल्पनाचे (डिझाइनचे) एक उच्च विद्यालय सुरू केले. अमेरिकन उच्चायुक्त मॅक्‌क्लॉय यांनी दहा लाख मार्कांची रक्कम मंजूर केली, ती मात्र जर्मनांनीही आपला वाटा उभा करावा या शर्तीवर. ज्या राष्ट्राला भपक्याने आणि भव्यतेच्या प्रदर्शनाने भुलविले, त्याच्या नागरिकाला पुन्हा सचोटीची सवय लावावयाची तर ती त्याच्या रोजच्या हाताळणीतील वस्तूंपासून लावावी, असा या मंडळींचा विश्वास होता. १९५५ मध्ये गावाबाहेरच्या कुहबेर्ग टेकडीवर गिलावा न दिलेल्या काँक्रीटची इमारत उभी राहिली आणि तिच्या उद्‌घाटनाला बाउहाउस या जर्मन आकल्पन-विद्यालयाचे संस्थापक वाल्टर ग्रोपियस जातीने आले. त्याच टेकडीवरच्या जुन्या किल्ल्यात १९३३ ते १९३५ या काळात नाझींची छळछावणी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे जागेचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

आता त्या वस्तूकडे वळतो, जिच्यासाठी हे पत्र लिहावयास घेतले. विद्यालय सुरू झाले, परंतु विद्यार्थ्यांना बसावयास काही नव्हते आणि खुर्च्यांपुरता पैसा शिल्लक नव्हता. तेव्हा १९५४ मध्ये माक्स बिल आणि हान्स गुगेलोट यांनी, शाळेच्या सुतारशाळेचे प्रमुख पाउल हिल्डिंगर यांना हाताशी धरून, एक आसन सिद्ध केले. स्प्रूस या हलक्या, स्वस्त लाकडाच्या तीन फळ्या : दोन उभ्या, एक आडवी, आणि दोन उभ्या फळ्यांना खालच्या बाजूस जोडणारा एक गोल दांडा. उंची ४४ सेंटिमीटर, रुंदी ३९.५, खोली २९.५. आडव्या फळीच्या कडेला कापलेले दात उभ्या फळीच्या खाचांत असे घट्ट बसविले आहेत की तो सांधा झाकण्यासाठी पट्टी किंवा रंग लावण्याची गरज राहिलेली नाही. काम कसे केले ते पाहणाऱ्याला उघड दिसते. जमिनीला टेकणारी कड लवकर झिजू नये म्हणून तेवढ्यापुरती बीच या कठीण लाकडाची पट्टी जोडली आहे, म्हणजे महागडे लाकूड जेथे झीज आहे तेथेच आणि तेवढेच. दांडा दोन्ही फळ्यांना आवळून धरतो, आणि आसन उलटे केले की तोच उचलण्याची मूठ होतो, मग विद्यार्थी वह्या-पुस्तके आत टाकून एका वर्गातून दुसऱ्या वर्गात चालू लागतो. मेजावर ठेवले तर व्याख्यात्याचा टिपणे ठेवण्याचा उंचवटा होतो, आडवे केले तर उशाजवळचे मेज, एकावर एक रचली तर पुस्तकांची मांडणी. उल्मच्या संग्रहात मी ते हातात घेऊन पाहिले; एका हाताने सहज उचलते आणि कोठे कुरकुरत नाही. आपल्या घरातील पाट, घडवंची आणि चौरंग या तिघांचे काम करणारी ही एकच वस्तू तीन फळ्यांत उभी राहिली, याचे श्रेय मी बुद्धीइतकेच त्या वेळच्या रिकाम्या तिजोरीला देतो.

याच शाळेत हान्स रोएरिख्ट या विद्यार्थ्याने १९५९ मध्ये पदविकेसाठी उपाहारगृहांकरिता चिनी मातीच्या भांड्यांचा संच रचला, त्यात निरनिराळ्या जातींच्या भांड्यांचे व्यास असे जुळविले की ती एकमेकांवर न डळमळता चढतात; हा संच जर्मनीतील वसतिगृहांत आणि भोजनगृहांत कित्येक वर्षे राबला व न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयातही गेला. गुगेलोट यांनी १२५ मिलिमीटर हे एकच माप धरून फळ्यांचे असे कपाट काढले की भाडेकऱ्याने ते सुटे करावे, नव्या घरी न्यावे आणि तेथील भिंतीच्या मापाने पुन्हा उभे करावे.

हे शेवटचे समजावयाचे तर जर्मन संसाराची एक रीत सांगितली पाहिजे. येथे निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्या घरात राहतात, आणि पुष्कळदा घर भाड्याने मिळते ते स्वयंपाकघराची खोली रिकामी असलेले : नळाची जोडणी असते, ओटा नसतो, कपाटे नसतात. भाडेकरू आपले स्वयंपाकघर स्वतः बसवितो, आणि घर सोडताना ते उकलून, गाडीत घालून बरोबर नेतो. आपल्याकडील माणसाला हे प्रथम चमत्कारिक वाटते. परंतु कपाटांची आणि शेगडीची रुंदी साधारणपणे साठ सेंटिमीटर ठरून गेलेली असल्यामुळे एका घरातले दुसऱ्या घरात बसते. या शिस्तीची पूर्वपीठिका १९२६ पर्यंत जाते. त्या साली मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की या विदुषीने फ्रँकफुर्ट नगरपालिकेच्या कामगार-वसाहतींसाठी, स्त्रीच्या प्रत्येक हालचालीला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून मोजून, १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब असे स्वयंपाकघर आखले, आणि तशी सुमारे दहा हजार बसविली गेली. त्यातील उणेही सांगितलेच पाहिजे : ते एकाच बाईसाठी आखलेले होते. तिच्याजवळ पोर खेळत बसावे, सासूने शेजारी भाजी निवडावी, याला त्यात जागा नव्हती. आपल्या माजघरात जी सोबत असते ती त्या हिशेबात धरलेलीच नव्हती, आणि माझ्या मते हा लहान दोष नव्हे.

उल्मच्या शाळेचे आयुष्य पंधरा वर्षांचे. मतभेद झाले, बिल १९५७ मध्ये निघून गेले, आणि १९६८ मध्ये प्रांतिक विधिमंडळाने अनुदान बंद केल्यावर दारे मिटली. खेदाची गोष्ट अशी की पैसा नव्हता म्हणून जन्मलेले ते आसन आज शोभेच्या फर्निचरच्या दुकानात चांगल्या किमतीला विकले जाते. परंतु त्या शाळेचे बी मराठी माणसाच्या हाती लागले होते. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले सुधाकर नाडकर्णी १९६० च्या दशकात येथे चार वर्षे विद्यार्थी होते. परतल्यावर त्यांनी १९६९ मध्ये पवईच्या आय. आय. टी. त इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर उभे केले. त्याअगोदर १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला दिलेल्या अहवालात आपल्या लोट्याची मुक्तकंठाने वाखाणणी केली होती, आणि १९६१ मध्ये अहमदाबादला आकल्पनाची राष्ट्रीय संस्था निघाली. या संस्थांनी थोर काम केले. परंतु माझी खंत अशी की घरगुती वस्तूंचा हा विचार आपल्याकडे शहरातील सदनिकांच्या उंबरठ्यावरच अडखळला.

दसरा-दिवाळी आटोपली की पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडणीची बिऱ्हाडे बाहेर पडतात. पीठ, भांडी, अंथरूण-पांघरूण, कोयते, कोंबड्या आणि पोरेबाळे असा सगळा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा बैलगाडीत चढतो आणि पुढचे पाचसहा महिने कारखान्याच्या तळावर कोपीत नांदतो. जर्मन भाडेकरू आयुष्यात पाचसहा वेळा घर हलवीत असेल, तर त्याच्यासाठी मापे ठरविण्यात आली, कपाटे आखली गेली, कारखाने चालले. जे कुटुंब दर वर्षी दोन वेळा सगळे घर हलविते, त्याच्यासाठी आपण काय आखले? पिठाला उंदीर-ओल लागणार नाही आणि वर बसताही येईल अशी पेटी, अंधारात उठून भाकरी थापणाऱ्या बाईला वाऱ्यात विझणार नाही अशी उचलती चूल, मुलाला अभ्यासाला मेज आणि प्रवासात दप्तर होईल अशी फळी, एका माणसाला उभी करता व घडी घालता येईल अशी कोपी : यांतील एकही काम उल्मच्या आसनापेक्षा अवघड नाही.

आणि असे काम नगरला परकेही नाही. अमेरिकन मराठी मिशनचे अभियंते डी. सी. चर्चिल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी याच शहरात हाताने चालणारा परंतु वेगवान असा माग तयार केला होता. गरिबाच्या हत्याराला उत्तम बुद्धी लावणे म्हणजे काय हे नगरने तेव्हाच पाहिले आहे. १९५० मध्ये प्रवरेच्या काठी लोणीला सहकारी साखर कारखान्याची मुहूर्तमेढ रोवणाऱ्या जिल्ह्याने, त्या साखरेसाठी राबणाऱ्यांच्या चुलीचा आणि पेटीचा विचार करणे हे त्याचे कर्तव्यच आहे. म्हणून माझी विनंती अशी की लोणी आणि संगमनेर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी, नगरच्या औद्योगिक वसाहतीतील कारखानदारांनी आणि साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांनी एकत्र बसून येत्या गळीत हंगामापूर्वी यातील निदान एका वस्तूची तजवीज करावी, तिचा नमुना प्रथम तळावरील बायकांच्या हाती द्यावा, आणि त्या सांगतील तो बदल निमूटपणे करावा. उल्मच्या संग्रहातील आराखड्यांची व मापांची जी माहिती लागेल ती मिळवून, मराठीत उतरवून पाठविण्याचे काम मी आनंदाने करीन. इच्छुकांनी संपादकांमार्फत पत्रव्यवहार करावा.