पॉल रोबसन : मैदानावरील दिवस

पॉल रोबसन यांचा धीरगंभीर आवाज ध्वनिमुद्रिकांतून अनेकांनी ऐकला असेल. परंतु गायक म्हणून कीर्ती मिळविण्यापूर्वी ते अमेरिकेतील नामांकित विद्यार्थी-खेळाडू होते. त्यांच्या जीवनाचा हा भाग आम्ही येथे सांगणार आहोत.

रोबसन यांचा जन्म ९ एप्रिल १८९८ रोजी न्यू जर्सी राज्यातील प्रिन्स्टन गावी झाला. त्यांचे वडील गुलामगिरीतून पळून आलेले. पुढे ते धर्मोपदेशक झाले. १९१५ साली स्पर्धापरीक्षेत शिष्यवृत्ती मिळवून रोबसन रटगर्स महाविद्यालयात दाखल झाले. तेव्हा तेथे दुसरा एकही कृष्णवर्णीय विद्यार्थी नव्हता.

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडील फुटबॉलहून निराळा. त्यात चेंडू हाती घेऊन धावावयाचे व धावणाऱ्यास प्रतिपक्षाने झेपावून पाडावयाचे असते. सरावाच्या पहिल्याच दिवशी ह्या झटापटीची संधी साधून स्वतःच्याच महाविद्यालयातील गोऱ्या खेळाडूंनी त्यांचे नाक फोडले, खांदा निखळविला. दहा दिवस ते अंथरुणास खिळले. पण खेळू इच्छिणाऱ्या असंख्य कृष्णवर्णीय मुलांचे आपण प्रतिनिधी आहोत, ही वडिलांची शिकवण स्मरून ते मैदानावर परतले आणि संघात स्थान मिळविले.

१९१६ साली दक्षिणेतील एका संघाने कृष्णवर्णीयाविरुद्ध खेळण्यास नकार दिला, तेव्हा त्यांना सामन्याबाहेर बसविण्यात आले. तरीही १९१७ व १९१८ साली देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूंत त्यांची निवड झाली. बास्केटबॉल, बेसबॉल आणि थाळीफेकीसारखे मैदानी खेळ, ह्यांतही ते महाविद्यालयातर्फे खेळले. अभ्यासात मागे नव्हतेच. गुणवंतांच्या 'फाय बीटा कप्पा' संस्थेत त्यांना प्रवेश मिळाला व १९१९ च्या पदवीदान समारंभात त्यांनी विद्यार्थ्यांच्या वतीने भाषण केले. पुढे व्यावसायिक फुटबॉल खेळत त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले व १९२३ साली कोलंबिया विद्यापीठाची पदवी मिळविली.

समतेसाठी व आपल्या राजकीय मतांसाठी ते निर्भयपणे बोलत. त्यामुळे १९५० साली सरकारने त्यांचे पारपत्र काढून घेतले. ते १९५८ साली परत मिळाले. त्याच काळात फुटबॉलच्या एका संदर्भग्रंथात १९१८ च्या अकरा जणांच्या संघातील दहाच नावे छापली गेली. गाळलेले नाव रोबसन यांचे होते! १९७६ साली त्यांचे निधन झाले. महाविद्यालयीन फुटबॉलच्या गौरवदालनात त्यांना स्थान मिळाले, ते १९९५ साली.

विद्यार्थिमित्रहो, रोबसन यांच्या धैर्याचे कौतुक आपण सर्वच करू. परंतु सरावाच्या त्या पहिल्या दिवशी आम्ही मैदानावर असतो, तर कोणाच्या बाजूस उभे राहिलो असतो, हाही प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा, असे आम्हांस वाटते.