काळे शौच : लाजून लपवू नये असे चिन्ह



१७ मार्च २०१९ रोजी गोव्याचे मुख्यमंत्री श्री. मनोहर पर्रीकर स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निवर्तले. त्यांचे वय अवघे ६३ वर्षांचे होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते मुंबईच्या रुग्णालयात दाखल झाले. पुढे अमेरिकेत व दिल्लीतही उपचार झाले. तथापि रोग हटला नाही.

स्वादुपिंड जठराच्या मागे खोल दडलेले असते. तेथील गाठ सहसा हाताला लागत नाही व बहुधा उशिराच कळते. कावीळ, पाठीकडे जाणारी पोटदुखी, वजन घटणे, उतारवयात एकाएकी जडलेला मधुमेह ही तिची नेहमीची लक्षणे होत. परंतु क्वचित या सर्वांच्या आधीच शौचावाटे वा उलटीवाटे रक्त जाऊ लागते.

असे का व्हावे? स्वादुपिंडाचा एक भाग लहान आतड्याच्या आरंभीच्या वळणात बसलेला असतो, तर शेपटाकडचा भाग प्लीहेपर्यंत पोहोचतो. गाठ वाढून आतड्याची वा जठराची भिंत पोखरते, तेव्हा रक्त वाहते. कधी ती प्लीहेकडून येणारी शीर दाबते; मग जठरातील शिरा फुगतात व फुटतात. पोटातील रक्त खाली उतरताना पालटते, म्हणून शौच डांबरासारखे काळे, चिकट व दुर्गंधीयुक्त होते.

घाबरून जाऊ नये. अशा रक्तस्रावाचे कारण बहुधा जठरातील व्रण किंवा वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक असते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे दिसते. मात्र निवाडा डॉक्टरांनीच करावा. नळीतून जठर पाहूनही कारण उमगले नाही, तर सी.टी. स्कॅनविषयी त्यांना अवश्य विचारावे.

सुरतेच्या बमरोलीत यंत्रमागावर राबणारा मराठी कामगार असो वा खेड्यातील शेतकरी, मजुरी बुडेल म्हणून तो गप्प राहतो. गृहिणी लाजेने बोलत नाही. कोणी मूळव्याध समजून झाडपाला घेतो. यात मोलाचे दिवस जातात. गाठ पसरण्यापूर्वी सापडली, तरच ती कापून काढण्याची आशा असते. १९३५ साली न्यूयॉर्कच्या डॉ. अॅलन व्हिपल यांनी प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया आज मुंबईच्या टाटा रुग्णालयातही होते.

म्हणून रक्ताची उलटी झाली, किंवा काळ्या शौचासह घेरी आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि आज रात्री जेवणे आटोपल्यावर घरातील वडीलधाऱ्यांची हळुवारपणे विचारपूस करावी. विचारल्यावाचून ते सांगणार नाहीत.