तिकीट जुनं आहे, पण कोणतं?

पोस्टाची जुनी तिकिटं हातात आली की पहिला प्रश्न येतो तो किमतीचा. पण आधी हे तिकीट नेमकं कोणतं, ते ठरलं पाहिजे. त्यासाठी भिंग, चपट्या टोकांचा चिमटा, पर्फोरेशन मोजायची पट्टी, एक काळी बशी आणि सवड एवढं पुरतं. ओळख पटवायच्या आधीच किंमत काढायला बसलं, की पुढचे गैरसमज होतात.

गैरसमज : शंभर वर्षांपूर्वीचं तिकीट म्हणजे महागच.

जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट, ब्रिटनचं पेनी ब्लॅक, मे 1840 मध्ये आलं. ते 6 कोटी 80 लाखांच्या आसपास छापलं गेलं आणि आजही बाजारात सहज मिळतं. आपल्याकडे 1854 साली कलकत्त्यात छापलेल्या व्हिक्टोरिया राणीच्या अर्ध्या आण्याच्या निळ्या तिकिटाचंही तसंच. त्याच मालिकेतलं चार आण्यांचं तिकीट मात्र दोन रंगांत होतं, चौकट लाल आणि राणीचं डोकं निळं, त्यामुळे कागद दोनदा छापावा लागे. त्यात काही ताव उलटे गेले आणि राणीचं डोकं खाली, मान वर झाली. तशी तिकिटं जगात मोजकीच उरली आहेत. दोन्ही तिकिटांचं वय एकच. किंमत ठरते ती किती उरली आणि किती जणांना हवी आहेत, यावर.

गैरसमज : गांधीजींचं 1948 चं तिकीट सापडलं म्हणजे लाखो रुपये.

2017 साली गांधीजींच्या दहा रुपयांच्या चार तिकिटांची पट्टी लंडनच्या एका नामवंत व्यापाऱ्याने 5 लाख पौंडांना विकली. ती बातमी घरोघरी पोहोचली, पण तिच्यातला मुख्य शब्द वाटेतच गळला. त्या तिकिटांवर ‘सर्व्हिस’ असा इंग्रजी शिक्का छापलेला होता. गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी ती जेमतेम शंभर काढली होती.

15 ऑगस्ट 1948 ला सर्वांसाठी आलेली तिकिटं चार : दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. स्वित्झर्लंडच्या कूर्व्हॉझिए छापखान्यात ती फोटोग्रॅव्ह्यूर पद्धतीने छापली गेली. पहिली तीन वापरलेली असतील तर सहज परवडतात. दहा रुपयांच्या तिकिटाला खरंच किंमत आहे, म्हणूनच त्याच्या नकलाही भरपूर आहेत. साध्या ऑफसेट छपाईची नक्कल भिंगाखाली उघडी पडते, ठिपके वेगळे दिसतात आणि छटांमधली मऊ सावली नाहीशी होते. तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय हे तिकीट कुणीही घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

गैरसमज : चित्र, रंग आणि किंमत सारखी, म्हणजे तिकीट तेच.

मला या छंदाचा खरा आनंद इथेच सापडतो. पंचम जॉर्जची दोन तिकिटं घ्या, दोन्ही एकाच किमतीची, एकाच रंगाची. काळ्या बशीत ती पालथी ठेवा. थोडं थांबलात, बशी उजेडाकडे जरा तिरकी केलीत, तर कागदातला वॉटरमार्क दिसायला लागतो. एका तिकिटात मधोमध एकच तारा असेल, तर ते लंडनच्या द ला रू कंपनीने छापलेलं. दुसऱ्यात लहान तारे सगळीकडे विखुरलेले असतील, काही कडेला कापलेले, तर ते नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसचं, 1926 पासूनचं. वॉटरमार्क त्याआधीही बदलला होता. 1865 पासूनच्या व्हिक्टोरियाच्या तिकिटांत हत्तीचं डोकं सापडतं. स्वातंत्र्यानंतरही तो पुन्हा बदलला. नवे पैसे आले तेव्हाची, 1957 ची भारताच्या नकाशाची तिकिटं आधी ताऱ्यांच्या कागदावर आणि पुढच्या वर्षापासून अशोकस्तंभाच्या कागदावर छापली गेली. कॅटलॉगमध्ये त्यांचे क्रमांक वेगळे आहेत.

पर्फोरेशनचंही तसंच. दोन सेंटिमीटरमध्ये किती भोकं येतात तो आकडा म्हणजे त्या तिकिटाचं माप. चित्र जुळलं आणि हे माप जुळलं नाही, तर तिकीट दुसऱ्या छपाईचं असू शकतं किंवा बनावट.

गैरसमज : छापताना चूक झाली की तिकीट दुर्मीळ.

1949 च्या पुरातत्त्व मालिकेत अजिंठा आहे, घारापुरीची त्रिमूर्ती आहे आणि एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्व आहे. हा बोधिसत्त्व आरशातल्यासारखा उलटा छापला गेला. पुढच्या वर्षी सुलट छापून नवं तिकीट काढलं. पण उलटं तिकीट वर्षभर देशभर खपलं होतं, त्यामुळे ते आजही स्वस्तात मिळतं. चूक संपूर्ण छपाईत असेल तर ती इतिहासाचा भाग होते. मोलाची ठरते ती एखाद्या तावावरच झालेली आणि तपासणीतून निसटलेली चूक.

गैरसमज : तिकिटावर जुन्या माणसाची सही आहे, म्हणजे भाव जास्त.

जुन्या खातेवह्यांत, हातउसन्याच्या कागदांवर तिकिटावरून आडवी सही केलेली दिसते. 1906 पासून अर्ध्या आणि एक आण्याची तिकिटं टपाल आणि महसूल अशा दोन्ही कामांना चालत, तसं त्यांच्यावरच छापलेलं असे. अशी सही असेल तर ते रसीदी तिकीट म्हणून वापरलं गेलं आहे. टपालाच्या संग्रहात त्याला फारसा भाव नाही, पण तो कागद मात्र फाडू नका. कोर्ट फीचे स्टँपही टपालाचे नसतात. त्यांचा संग्रह करणारे लोक वेगळे.

गैरसमज : कॅटलॉगमध्ये लिहिलेला भाव हातात पडतो.

स्टॅन्ली गिबन्सचा कॅटलॉग घ्या की आणखी कुणाचा, भाव उत्तम स्थितीतल्या तिकिटाचा असतो. सर्वांत कमी भाव म्हणजे तर व्यापाऱ्याने तिकीट शोधून देण्याची मजुरीच. दात तुटलेलं, मागे पातळ झालेलं, किंवा कोकणातल्या दोन पावसाळ्यांत तपकिरी ठिपके पडलेलं तिकीट त्या भावाच्या अगदी थोड्या हिश्शाला जातं. कोऱ्या तिकिटाचा मागचा डिंक शाबूत आहे का, हेही पाहतात, म्हणून ते अल्बमला चिकटवू नका. आखातातल्या अजमान, फुजैरा, मनामा यांची सत्तरच्या दशकातली मोठमोठी रंगीत तिकिटं मुलांच्या अल्बममध्ये भरपूर असतात. ती संग्राहकांना विकण्यासाठीच छापलेली, शिक्का मारलेला आणि मागे डिंक तसाच. ती जपा, पण विकून काही यायचं नाही.

गैरसमज : लिफाफ्यावरून तिकीट कापून, भिजवून काढलं की संग्रह सुबक होतो.

या एका सवयीने झालेलं नुकसान भरून येत नाही. 15 ऑगस्ट 1947 चा लिफाफा घ्या. त्यावर षष्ठ जॉर्जचं साधं तिकीट असेल, कारण स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट 21 नोव्हेंबरला आलं. पण शिक्का ‘जय हिंद’चा असू शकतो, आणि तारीख, गाव, शिक्का यांसकट तो लिफाफा संग्राहक शोधत असतात. तिकीट कापलंत की हातात उरतं दोन-पाच रुपयांचं तिकीट. गोव्याचंही असंच. पोर्तुगीज इंडियाची तिकिटं 1871 पासून निघत होती. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर थोडे दिवस जुनी पोर्तुगीज आणि नवी भारतीय, दोन्ही चालली. त्या दिवसांचं टपाल कुणाच्या पेटीत असेल तर ते घडी न मोडता तसंच ठेवावं आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय पाणी लावू नये.