फ्रॉकवरचा कोकणकडा

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, कासचं फुललेलं पठार, माळशेजचे धबधबे यांचे फोटो आता मुलांच्या टी-शर्टवर, फ्रॉकवर, उशीच्या अभ्र्यांवर आणि चहाच्या मगांवर हौसेने छापून घेतले जातात. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते, त्यामुळे एक-दोन नगांसाठी ते परवडत नाही. डिजिटल छपाईत एकच नगही काढून मिळतो. तरीही स्क्रीनवर देखणा दिसणारा फोटो कापडावर अनेकदा मलूल येतो. त्याची कारणं समजून घेतली, तर पैसे आणि हौस दोन्ही वाया जात नाहीत.

मग आणि पॉलिस्टरचे कपडे यांच्यासाठी बहुधा सबलिमेशन वापरतात. चित्र आधी खास कागदावर उलटं छापतात. तो कागद कापडावर ठेवून हीट प्रेसमध्ये सुमारे 200 अंश सेल्सिअसला मिनिटभर दाबला, की शाईतल्या रंगाचा थेट वायू होतो आणि तो धाग्यात मुरतो. हाताला छपाई लागत नाही, धुण्याने ती सहसा फिकी पडत नाही. मगावर त्यासाठी आधीच पॉलिमरचा लेप दिलेला असतो. या शाईत पांढरा रंग मात्र नसतो. ढग, धुकं, धबधब्याचा फेस यांचा पांढरेपणा कापडाचाच असतो. कापड पिवळसर असलं, तर कोकणकड्यावरचं धुकंही पिवळट दिसतं.

सुती कापडावर सबलिमेशन टिकत नाही. तिथे थेट कापडावर छापणारी डीटीजी पद्धत लागते. गडद कापडावर त्याआधी पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो. चित्र मोठं असेल, तर तेवढा भाग कडक होतो आणि तिथे घाम कोंडतो. तान्ह्या बाळासाठी फिकट सुती कापड आणि लहान चित्र हेच योग्य.

फोटो निवडतानाही कपड्याचं माप ध्यानात घ्यावं. पाच वर्षांच्या मुलाच्या टी-शर्टवर छपाईला आठेक इंच रुंदी मिळते. कासचं अख्खं पठार तेवढ्यात बसवलं, तर फुलांचे ठिपके होतात. त्यापेक्षा एक कडा किंवा फुलांचा एकच ताटवा घ्यावा. आठ इंचांना 300 डीपीआयने 2400 पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसतो, म्हणून तो डॉक्युमेंट करून पाठवावा. पावसाळी हिरवा रंग स्क्रीनच्या उजेडात झळाळतो, शाईत तो मंदावतो. आधी एक नमुना काढून पाहावा.

फोटो कोणाचा, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्रावरचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. हक्क सोपवायचा तर तो लेखी सोपवावा लागतो आणि मुदत लिहिली नसेल, तर ती 5 वर्षांची धरतात. इंटरनेटवर सापडला म्हणून फोटो फुकटचा होत नाही. पहाटे चार वाजता अंधारात गड चढणाऱ्या माणसाची मेहनत त्यात असते.

बाजारात नाव-गाव नसलेल्या बर्फाच्छादित शिखरांचे कपडे ढिगाने मिळतात. आपल्या मुलांच्या अंगावर ओळखीचा डोंगर असावा. छपाई करणाऱ्यांना आणि पालकांना एवढंच सांगणं आहे: कपड्याच्या लेबलवर त्या जागेचं आणि फोटो काढणाऱ्याचं नाव जरूर छापा.