नांगर न लागलेली भूमी

मृतांच्या वस्तीत जाऊन सजीव सृष्टीचा शोध घ्यावा, ही कल्पना प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु अमेरिकेतील आयोवा राज्याची भूमी दोनशे वर्षांपूर्वी कशी दिसत होती हे ज्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयाचे असेल, त्याने एखाद्या जुन्या खेड्यातील दफनभूमीची वाट धरावी हेच उत्तम. तेथे आद्य वसाहतकार चिरनिद्रा घेत आहेत आणि त्यांनीच अन्यत्र नांगरून टाकलेली वनश्री त्यांच्या उशापायथ्याशी अजून फुलत आहे.

राज्याच्या पूर्व भागातील सीडर काउंटीचे उदाहरण घेऊ. काउंटी म्हणजे आपल्याकडील एखादा लहानसा जिल्हा म्हणावयास हरकत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष हर्बर्ट हूवर १८७४ साली याच काउंटीतील वेस्ट ब्रँच या गावी जन्मले. दृष्टी पोहोचेल तेथवर मका आणि सोयाबीन यांची सरळ रेषेत आखलेली शेते, मधून मधून धान्याची उंच कोठारे, असा हा मुलूख. मात्र सीडर नदीनजीक रॉचेस्टर या लहानशा वस्तीजवळ सुमारे १३ एकरांची एक दफनभूमी आहे, तेथे हे दृश्य एकाएकी पालटते. वाळूच्या लहान टेकड्या, पुरातन ओक वृक्ष आणि त्यांच्या सावलीत पसरलेल्या जुन्या-नव्या समाधिशिला! वनस्पतिशास्त्रज्ञांनी या एवढ्याशा जागेत चारशेहून अधिक जातींच्या वनस्पतींची नोंद केली आहे.

ही भूमी मुळात सॉक आणि मेस्क्वाकी या लोकांची. १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धात पराभव झाल्यावर मिसिसिपीच्या पश्चिमेकडील विस्तृत प्रदेश त्यांना सोडून द्यावा लागला आणि १ जून १८३३ पासून तो वसाहतकारांना खुला झाला. पूर्वेकडील राज्यांतून व युरोपातूनही कुटुंबे येऊ लागली. १८३७ साली सीडर काउंटीची स्थापना झाली, तर १८४६ साली आयोवाला राज्याचा दर्जा मिळाला. नव्या मुलखात शाळेच्या किंवा प्रार्थनामंदिराच्या आधीही अनेकदा दफनभूमीची गरज पडे. हिवताप, पटकी, घटसर्प आणि बाळंतपण यांनी या वसाहतींतून आपला वाटा उचलला.

त्याची साक्ष त्या शिलाच देतात. मृताचे वय वर्षे, महिने आणि दिवस यांत कोरण्याची तेव्हा रीत होती. आईबापांनी लेकराच्या आयुष्याचा एकेक दिवस मोजून ठेवला आहे, हे वाचताना मन हेलावते. बालकाच्या शिलेवर निजलेले कोकरू, पतिपत्नींच्या शिलेवर एकमेकांत गुंफलेले हात, शोकाची खूण म्हणून ओणवलेला वाळुंजाचा वृक्ष, ही चिन्हे वारंवार आढळतात. संगमरवर पावसाने झिजतो, म्हणून पुष्कळशी अक्षरे आता बोटांनी चाचपूनच कळतात. अशा शिला उजळण्यासाठी तारेचा ब्रश किंवा आम्ल वापरणे म्हणजे उरलेली अक्षरेही पुसून टाकणे होय. स्वच्छ पाणी आणि मऊ कुंचला एवढेच त्यांना मानवते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जस्ताच्या पोकळ समाध्याही निघाल्या. त्यांवरील अक्षरे मात्र आजही कालच ओतल्यासारखी ठसठशीत दिसतात.

आता गवताकडे वळू. युरोपीय वसाहतीपूर्वी आयोवाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग ‘प्रेअरी’ने, म्हणजे पुरुषभर उंचीच्या गवताने आणि रानफुलांनी व्यापलेला होता. काही वनस्पतींची मुळे चार-चार मीटर खोल जात. मूलनिवासी लोक वेळोवेळी वणवे लावीत. त्या आगीत झाडोरा मरे, परंतु खोल मुळांचे गवत पुन्हा जोमाने उगवे. १८३७ साली शेजारच्या इलिनॉय राज्यात जॉन डियर नावाच्या लोहाराने पोलादी फाळाचा नांगर घडविला. त्या चिकट काळ्या मातीत जुना नांगर अडखळत असे, हा नवा मात्र सफाईने चालू लागला. शंभर वर्षांच्या आत बहुतेक सारी प्रेअरी शेताखाली गेली. आज आयोवात मूळ प्रेअरीचा हजारातला एक भागही शिल्लक नाही.

जे अल्पस्वल्प उरले, त्यातील काही या दफनभूमींत उरले. कारण साधे आहे. पितरांच्या अस्थींवरून नांगर फिरविण्यास कोणी धजले नाही, कुंपणामुळे गुरे आत शिरली नाहीत आणि गवतावर कोयता फिरला तोही क्वचितच. आपणा भारतीयांना हे अपरिचित वाटू नये. सह्याद्रीतील देवराया, राजस्थानातील ओरण, मेघालयातील खासी लोकांची पवित्र वने अशाच श्रद्धेने राखली गेली. आपल्याकडे देवाच्या धाकाने कुऱ्हाड थांबली. तिकडे पितरांविषयीच्या आदराने नांगर थांबला.

पण नांगरापासून वाचलेल्या या भूमीला पुढे एक नवाच धोका उत्पन्न झाला, आणि तो अनास्थेतून नव्हे, तर आस्थेतून! विसाव्या शतकात गवत कापण्याची यंत्रे घरोघरी आली आणि नीटनेटकी हिरवळ हेच मृतांविषयीच्या आदराचे लक्षण ठरले. दर आठवड्याला कापल्या जाणाऱ्या जागेत प्रेअरीची फुले बीज धरू शकत नाहीत. हळूहळू ती नाहीशी होतात. विस्कॉन्सिन राज्यातील निसर्गचिंतक आल्डो लिओपोल्ड यांनी आपल्या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अशाच एका ग्रामीण दफनभूमीच्या कोपऱ्याची हकिकत सांगितली आहे. कुंपणाच्या आडोशाने तेथे प्रेअरीची एक उंच पिवळी फुलझाडे वाचली होती. एके वर्षी रस्त्याच्या कामगारांनी कुंपण काढले आणि ती कापली गेली.

रॉचेस्टर येथेही एकविसाव्या शतकाच्या आरंभी याच प्रश्नावरून मतभेद माजले. एका पक्षाचे म्हणणे असे, की आमच्या आजोबांची समाधी गवतात बुडालेली पाहवत नाही. ही दफनभूमी आहे, वनस्पतींचे संग्रहालय नव्हे. दुसरा पक्ष म्हणतो, की आपल्या आजोबांनी येथे पाऊल ठेवले तेव्हा जे पाहिले ते हेच, आणि ते अन्यत्र कोठेही उरलेले नाही. वाचकहो, यातील कोणालाही हसून सोडून देता येत नाही. येथे आजही दफनविधी होतात आणि पहिल्या पक्षाचे दुःख ताजे आहे. आयोवाच्या कायद्याने मात्र मध्यममार्गाची सोय केली आहे. ज्या जागेत मागील ५० वर्षांत १२ किंवा त्याहून कमी दफने झाली, ती आद्य वसाहतकारांची दफनभूमी समजली जाते. तिच्या देखभालीसाठी काउंटीला समिती नेमता येते आणि तेथे प्रेअरीचे गवत व रानफुले राखण्यासही मुभा आहे.

मृतांचा आदर म्हणजे काय, हा प्रश्न याहून कठोर रूपानेही या राज्यापुढे उभा राहिला होता. १९७१ साली ग्लेनवुड गावानजीक रस्त्याचे काम चालू असता वसाहतकारांची एक विस्मृत दफनभूमी उघडी पडली. २६ गोऱ्या व्यक्तींचे अवशेष विधिपूर्वक पुन्हा पुरण्यात आले. परंतु तेथेच सापडलेल्या मूलनिवासी माता व बालक यांच्या अस्थी अभ्यासासाठी प्रयोगशाळेत रवाना झाल्या. मारिया पिअर्सन या यँक्टन डकोटा जमातीच्या स्त्रीने या भेदाविरुद्ध थेट राज्यपाल रॉबर्ट रे यांच्याकडे दाद मागितली. तिच्या चिकाटीमुळे १९७६ साली आयोवात सर्वांच्या प्राचीन दफनांना सारखेच संरक्षण देणारा कायदा झाला, आणि त्याच वाटेने १९९० साली मूलनिवासींच्या अस्थी व पवित्र वस्तू परत करण्याविषयीचा कायदा सबंध देशासाठी आला.

मे महिन्यात रॉचेस्टरच्या शिलांमधून ‘शूटिंग स्टार’ म्हणजे उल्का या नावाची पांढरी-गुलाबी फुले शेकड्यांनी उमलतात. त्यांच्या पाकळ्या मागे वळलेल्या आणि तोंड भूमीकडे. याच महिन्याच्या अखेरच्या सोमवारी मृतांच्या स्मरणाचा राष्ट्रीय दिवस असतो आणि कुटुंबे आपल्या माणसांसाठी फुले घेऊन येतात. आपल्याही गावाच्या वेशीबाहेर अशी एखादी न नांगरलेली, कोणाच्या तरी नावाने राखलेली जागा असेल. ती ‘स्वच्छ’ करण्याचा ठराव पुढे येईल, तेव्हा तेथे काय उगवते आणि तेथे कोणकोण विसावले आहे, याची चौकशी आधी अवश्य करावी.