रोजच्या जेवणातील मीठ

मिठावाचून जेवण अळणी लागते. परंतु तेच मीठ प्रमाणाबाहेर गेल्यास शरीरास अपाय करते, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. मिठातील सोडियम हा घटक स्नायूंचे व मज्जातंतूंचे कार्य चालण्यास आवश्यक आहे. मात्र तो अधिक झाला म्हणजे शरीरात पाणी साठून रक्तदाब वाढतो आणि कालांतराने हृदयविकार, पक्षाघात व मूत्रपिंडाचे विकार संभवतात. वाढलेला रक्तदाब बहुधा कोणतीही पूर्वसूचना देत नाही.

किती मीठ पुरे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसास ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा भरेल इतकेच मीठ खावे. पाच प्रौढ माणसांच्या घरात १ किलो मिठाची पिशवी निदान ४० दिवस पुरली पाहिजे. ती २० दिवसांत संपत असल्यास मीठ दुप्पट खाल्ले जात आहे असे समजावे. लहान मुलांस याहूनही कमी मीठ पुरते.

न दिसणारे मीठ

भाकरीत मीठ थोडे किंवा मुळीच नसते. ते येते ठेचा, लोणचे, पापड व खारवलेल्या मासळीतून. शेव, फरसाण व बिस्किटे यांतील मीठ तर वरील हिशेबात धरलेलेच नाही. पापडखार व खाण्याचा सोडा चवीस खारट नसले, तरी त्यांतही सोडियम असतेच.

शेतात घाम गाळणाऱ्यास मीठ अधिक हवे, असे अनेक शेतकरी म्हणतात. घामावाटे मीठ जाते हे खरे. तथापि नेहमीच्या जेवणातून ते बहुधा भरून निघते. उन्हात काम करताना पाणी मात्र वारंवार प्यावे. जुलाब झाल्यास क्षारसंजीवनी अवश्य द्यावी. तेथे काटकसर करू नये.

काय करावे?

१. कणकेत व भातात मीठ घालू नये. ताटात मीठ वाढण्याची रीत पाळावयाची तर चिमूटभरच वाढावे.
२. लोणचे व पापड रोज एकाच वेळी वाढू नयेत.
३. खारवलेली मासळी पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावे.
४. आमसूल, लिंबू, लसूण, भाजलेले जिरे व कोथिंबीर यांनी चव आणावी.
५. मधल्या वेळी फरसाणाऐवजी बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे, फुटाणे किंवा फळ द्यावे.
६. मीठ आयोडीनयुक्तच घ्यावे.

मीठ एकदम तोडल्यास घरची मंडळी कुरकुर करतील. ते थोडे थोडे कमी करावे. काही आठवड्यांत जिभेस सवय होते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा पिशवीचा हिशेब घरोघरी समजावून सांगावा व प्रौढांस आरोग्य केंद्रात रक्तदाब तपासून घेण्यास प्रवृत्त करावे. ज्यांस औषध चालू आहे, त्यांनी ते वैद्यकीय सल्ल्यावाचून बंद करू नये.