वार्धक्यातील क्लम : बल्य औषध देण्यापूर्वी

मिहान प्रकल्पात जमिनी गेलेल्या खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही या परिसरातील वृद्धांकडून ‘हातपाय गळून जातात, काही करावेसे वाटत नाही’ ही तक्रार वैद्यांच्या कानी वारंवार येते. जन्मभर शेतात राबलेल्या देहाचे कष्ट एकाएकी थांबले, की मांसधातू क्षीण होतो व अग्नी मंदावतो. तथापि प्रत्येक थकव्याचे खापर जरेवर फोडणे योग्य नव्हे.

परिश्रमानंतर येतो तो श्रम. परिश्रमावाचून येतो तो क्लम, असा भेद सुश्रुतसंहितेत आहे. श्रम विश्रांतीने शमतो. क्लम शमत नाही; म्हणून त्याचे निदान शोधावे लागते.

प्रथम पांडूचा विचार करावा. हिमोग्लोबिन पुरुषांत १३, स्त्रियांत १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास कारण शोधावे. काळ्या रंगाचे मल असल्यास केवळ पुनर्नवा मंडूर देऊन थांबू नये. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्वाची न्यूनता संभवते. थायरॉईड, मधुमेह, वृक्कविकार, क्षयरोग, हृद्रोग, विषाद व अनिद्रा हेही पाहावे. रक्तदाबाच्या व झोपेच्या गोळ्यांची चौकशी करावी. नागपूरच्या उन्हाळ्यात मूत्रल औषध घेणाऱ्या वृद्धाचा थकवा जलक्षयाचाही असू शकतो.

चिकित्सेत चरकोक्त श्रमहर दशेमानी उपयुक्त आहे. परंतु त्यातील द्राक्षा, खर्जूर, इक्षु ही द्रव्ये मधुमेहींना विचारपूर्वकच द्यावीत. अग्निदीपन झाल्यावाचून रसायन देऊ नये. बलार्धाइतका व्यायाम, खुर्चीवरून उठबस आणि वृक्कविकार नसल्यास वरण, दूध, अंडी असा मांसधातुपोषक आहार सांगावा.

औषधालय चालकांचे उत्तरदायित्वही मोठे आहे. च्यवनप्राश देण्यापूर्वी मधुमेह विचारावा. मूत्रल औषधे घेणाऱ्यास यष्टिमधु दीर्घकाळ देऊ नये. पोटॅशियम घटून थकवा वाढतो व रक्तदाबही चढतो. घटक न छापलेली ‘शक्तीची पुडी’ विकूच नये. तीत स्टेरॉईड असल्यास प्रथम उत्साह वाटतो, आणि दीर्घकाळ घेऊन एकाएकी बंद केल्यास रुग्ण गंभीर अवस्थेस जातो.

थकव्यासह धाप, छातीत वेदना, पायांस सूज, वजनात घट अथवा अकस्मात एकांगाची दुर्बलता असेल, तर रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. मिहानमध्येच अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था कार्यरत आहे. वेळेवर पाठविणे हेही वैद्यकर्मच होय.